चेकच्या पाठीवरचं नाव



आज एका वेगळ्याच छंदाविषयी बोलू या. कुणी जुनी नाणी जमवतं, कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं. तसे काही लोक बँकेचे जुने चेक जमवतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे, कधीच वटून गेलेले चेक. त्यांच्यावर आता कुणाला एक पैसाही मिळणार नाही. तरी ही मंडळी जुन्या बाजारात, लिलावात, रद्दीच्या गठ्ठ्यात ते शोधत फिरतात. आणि चेक हाती लागला की खरं काम सुरू होतं. ज्याची सही आहे तो माणूस कोण होता? कुठे राहत होता? कुणाला आणि कशाचे पैसे देत होता? या शोधात महिनेच्या महिने जातात.

तुम्ही म्हणाल, रिकामटेकड्यांचा उद्योग! आपल्याला त्याचं काय?

आपल्याला त्याचं बरंच काही आहे. पैशाच्या कागदावर कुणाची सही चालते, यावरून त्या घरात आणि त्या देशात कुणाचा शब्द चालतो ते कळतं. जुन्या चेकांचे गठ्ठे चाळताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. पुढच्या बाजूला, जिथे पैसे देणारा सही करतो, तिथे बहुतेक पुरुषांची नावं. बाईचं नाव शोधायचं, तर अनेकदा चेक उलटा करावा लागतो.

असं का, ते समजायला चेक कसा वाचायचा हे पाहू. चेकवर तीन जण असतात. पैसे देणारा, म्हणजे चेक काढणारा. पैसे घेणारा, ज्याच्या नावाने चेक काढला तो. आणि मध्ये बँक. काढणारा खाली उजव्या कोपऱ्यात सही करतो. घेणारा चेक वटवताना पाठीमागे सही करतो. म्हणजे पुढची सही हुकूम देणाऱ्याची आणि मागची सही पैसे मिळाल्याची.

जुन्या चेकवर आणखीही खुणा असतात. बँकेचं छापील नाव आणि गाव. वटलेला चेक पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्याला पाडलेली भोकं किंवा सहीवरच दिलेली चीर. आणि सरकारी कराचं तिकीट किंवा शिक्का. अमेरिकेत यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ साली चेकवर दोन सेंटचा कर बसवला, तो १८८३ पर्यंत चालला. पुढे स्पेनशी युद्ध झालं तेव्हा १८९८ ते १९०१ या काळात तो पुन्हा आला. त्यामुळे चेकवरची तारीख पुसली असली तरी तिकीट पाहून साल ताडता येतं. आपल्याकडेही चेकवर एक आण्याचा सरकारी शिक्का असे. तो कर १९२७ साली गेला. म्हणजे एक आण्याचा शिक्का असलेला चेक दिसला, तर तो त्याआधीचा समजायचा.

चेक ही कल्पना किती जुनी? इंग्लंडमध्ये टिकून राहिलेला सर्वांत जुना चेक म्हणून जो दाखवतात तो १६५९ सालचा आहे. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी प्रतापगडाखाली अफजलखानाला मारलं, तेच हे साल. निकोलस व्हॅनॅकर नावाच्या व्यापाऱ्याने लंडनच्या एका पेढीला लिहिलं, की अमुक माणसाला ४०० पौंड द्या. छापील काहीच नाही. सगळं हाताने लिहिलेलं, जणू चिठ्ठीच. आपल्या सावकारांची हुंडी तरी दुसरं काय होती? एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला लिहिलेली चिठ्ठी, की या कागदावर इतके रुपये द्यावेत. दाखवताच पैसे द्यायचे ती दर्शनी हुंडी. ठरलेल्या दिवसांनी द्यायचे ती मुदती हुंडी. चेकचं पुस्तक आपल्याकडे विलायतेतून आलं खरं, पण त्यामागचा व्यवहार आपल्याला आधीपासून ठाऊक होता.

मोठ्या माणसांच्या चेकांना अर्थातच मोठी मागणी असते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी १३ एप्रिल १८६५ रोजी ८०० डॉलरचा एक चेक काढला, तो स्वतःच्याच नावाने. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी नाटक पाहताना त्यांच्यावर गोळी झाडली गेली आणि १५ तारखेला सकाळी ते गेले. हा चेक अलीकडे ओहायो राज्यातल्या एका बँकेच्या तिजोरीत, जुन्या चेकांच्या गठ्ठ्यात सापडला आणि लोकांना पाहायला ठेवला गेला. सहीखाली फक्त दीड दिवसाचं आयुष्य उरलं होतं, म्हणून ती सही बघताना लोक थबकतात.

पण मैत्रिणींनो, याच घरातल्या बाईचं पुढे काय झालं ते ऐका. लिंकन यांच्या पत्नी मेरी. नवरा डोळ्यांदेखत मारला गेला. चार मुलांपैकी तीन गेले. १८७५ साली उरलेल्या थोरल्या मुलाने, रॉबर्टने, शिकागोच्या कोर्टात अर्ज केला, की आईचं डोकं ठिकाणावर नाही. बारा पुरुषांची ज्यूरी बसली. बाई गरज नसताना खरेदी करते, अशा साक्षी द्यायला दुकानांतले नोकरसुद्धा आले. ज्यूरीने तिला वेडी ठरवलं. तिची रवानगी एका खाजगी इस्पितळात झाली आणि तिच्या पैशाचा कारभार मुलाच्या हाती गेला. मेरी गप्प बसली नाही. तिने पत्रं लिहिली, ओळखीच्या वकील नवरा-बायकोला गाठलं. १८७६ च्या जूनमध्ये कोर्टाने तिला शहाणी ठरवून तिची मालमत्ता परत तिच्या ताब्यात दिली.

मधलं वर्षभर तिचे पैसे होते, नाव होतं, पण सहीला किंमत नव्हती. नवऱ्याच्या सहीचा चेक जपून ठेवला जातो, पाहायला गर्दी होते. त्याच वेळी बायकोला स्वतःच्या पैशावर सही करण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली, हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

आता साध्या माणसांकडे येऊ. नावाजलेल्या लोकांचे चेक श्रीमंतांच्या संग्रहात जातात. साधा संग्राहक घेतो ते पीठगिरणीवाल्याचे, डॉक्टरचे, किराणा दुकानदाराचे चेक. अमेरिकेत वटलेले चेक बँक खातेदाराला परत पाठवत असे. त्यामुळे तिथल्या माळ्यांवर ट्रंका भरून चेक सापडतात. एकाच घरातले चेक ओळीने लावले, की संसाराचा हिशेब समोर उभा राहतो. बियाणं, घोड्याचा नाल, शाळेची फी, डॉक्टरचं बिल, आणि एके दिवशी शवपेटी करणाऱ्याला दिलेले पैसे.

सही करणाऱ्याचा माग कसा काढतात? नाव आणि गाव कळलं, की त्या सालची जनगणना पाहतात. अमेरिकेत दर दहा वर्षांनी होणाऱ्या जनगणनेची जुनी पानं नावानिशी बघायला मिळतात. मग शहराच्या नावपुस्तिका, जुनी वर्तमानपत्रं, चर्चमधल्या लग्नाच्या नोंदी, जमिनीची कागदपत्रं, थडग्यावरची पाटी. एका कागदावर विसंबायचं नाही. दोन-तीन ठिकाणी तेच नाव, तेच वय, तेच गाव जुळलं, तरच माणूस सापडला म्हणायचं. आणि चेक जे सांगत नाही, ते आपल्या मनाने भरायचं नाही. लिंकन यांनी ते ८०० डॉलर कशाला काढले, हे त्या चेकवर लिहिलेलं नाही. चांगला शोध घेणारा तिथे थांबतो.

पुरुषाचा माग असा लागतो. बाईचा माग काढताना मात्र वाट अडते. त्या काळात लग्न झालेली बाई अनेकदा नवऱ्याच्या नावानेच लिहिली जाई. मिसेस अमुक, पुढे नवऱ्याचं नाव आणि आडनाव. तिचं स्वतःचं नाव त्यात कुठेच नाही. आपल्याला हे काही नवं नाही. आपल्याकडे तर आडनावाबरोबर पहिलं नावही बदलत आलं. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं, की माहेरची मुलगी कागदावरून पुसली गेली. जुन्या कागदांत बाईच्या नावापुढे ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ लिहून नवऱ्याचं नाव येतं. म्हणजे अमक्याची बायको. विधवा असेल तर आधी ‘गंगाभागीरथी’. त्यामुळे पणजी शोधायची तर तिची माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नावं ठाऊक हवीत. किती घरांत ती ठाऊक आहेत? आपल्या आईच्या आजीचं माहेरचं नाव सांगता येईल का, मनातल्या मनात आठवून बघा.

अशा वेळी चेकची पाठ कामाला येते. यादवी युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांना अमेरिकेच्या सरकारने पेन्शन सुरू केली. १८६२ च्या कायद्याप्रमाणे साध्या शिपायाच्या विधवेला महिन्याला आठ डॉलर मिळत. पुढे पेन्शनचे चेक थेट तिच्या पत्त्यावर जाऊ लागले. पाठीमागे तिची सही. लिहिता येत नसेल तर फुली, आणि फुलीच्या बाजूला साक्षीदारांची नावं.

आणि या फुलीमागे केवढी मोठी फाइल असे! पेन्शन मिळवायला तिला सिद्ध करावं लागे, की माझं लग्न खरंच झालं होतं, ही मुलं खरंच आमची आहेत, नवरा खरंच लढाईत गेला. लग्न लावणाऱ्याचा कागद, सुईणीचं सांगणं, शेजारणींच्या साक्षी. ती पुन्हा लग्न करून बसली, तर पेन्शन बंद. या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. ज्या बाईचं नाव गावच्या इतिहासात एका ओळीतही नाही, तिच्या आयुष्याची पानंच्या पानं तिथे मिळतात. निराधार योजनेसाठी किंवा विधवा पेन्शनसाठी ज्यांनी कागद गोळा केले आहेत, त्यांना ही धावपळ काय असते ते सांगायला नको.

याहूनही मोठी गोष्ट आहे ती गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांच्या बँकेची. ३ मार्च १८६५ रोजी लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली आणि फ्रीडमन्स बँक उभी राहिली. काल-परवापर्यंत जे स्वतःच विकले-घेतले जात होते, ते लोक आता आपल्या कमाईचे पैसे बँकेत ठेवू लागले. मजूर, शिपाई, धुणी धुणाऱ्या बाया, स्वयंपाकिणी. खातं उघडताना सह्यांच्या वहीत नोंद होई. नाव, वय, जन्मगाव, कामधंदा. आईवडील कोण, भाऊबहिणी कोण, नवरा किंवा बायको कोण. कितीतरी ठिकाणी जुन्या मालकाचं नावही. खाली सही, नाहीतर फुली. कुणी दुसऱ्याने येऊन पैसे काढू नयेत, माणूस ओळखता यावा, म्हणून ही सगळी विचारपूस.

ही बँक १८७४ साली बुडाली. वरच्या लोकांचा गैरकारभार, भलत्या माणसांना दिलेली कर्जं आणि बाजारात आलेली मंदी. ६१ हजारांहून जास्त खातेदारांचे मिळून सुमारे ३० लाख डॉलर अडकले. पै-पै करून साठवलेला पैसा. तो घाव त्या समाजाच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या राहिला.

पैसा गेला, पण सह्यांच्या वह्या राहिल्या. २९ शाखांच्या. गुलामगिरीच्या काळातल्या जनगणनेत या लोकांची नावंच लिहिली नव्हती. मालकाच्या नावाखाली फक्त वय आणि बाई की पुरुष, एवढंच. त्यामुळे आज त्यांची पणतवंडं आपली माणसं शोधायला निघतात, तेव्हा या वह्या उघडतात. लेकीने खातं उघडताना सांगितलेलं आईचं नाव, विकून दूर नेलेल्या भावाचं नाव तिथे मिळतं. बँकेच्या कारकुनाने रोजच्या कामासाठी लिहिलेली वही पुढे एका अख्ख्या समाजाची वंशावळ ठरली.

पुढच्या पिढीत त्याच समाजातली एक बाई उभी राहिली. मॅगी लेना वॉकर. व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरातली. आई आधी गुलाम होती, पुढे लोकांची धुणी धुऊन तिने घर चालवलं. मॅगी लहानपणी धुण्याचे कपडे घरोघर पोचवत असे. मोठी झाल्यावर ती लोकांनी एकमेकांना अडीअडचणीत मदत करायला काढलेल्या एका मंडळाची प्रमुख झाली आणि १९०३ साली तिने सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. पेनी म्हणजे त्यांचा एक पैसा. नावातच सांगितलं, की इथे पैशा-पैशाची बचत चालेल. अमेरिकेत बँक स्थापन करून तिची अध्यक्ष होणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. १९२९ नंतरच्या मोठ्या मंदीत बँका धडाधड बुडत होत्या, तेव्हा तिने आपली बँक गावातल्या दोन बँकांशी एकत्र करून तगवली. आईच्या पिढीला फुली मारावी लागत होती. लेकीच्या पिढीत बँकेच्या प्रमुखाची सही बाईची झाली.

आता आपल्या मुलखात येऊ. मुंबईत १८४० साली बँक ऑफ बॉम्बे निघाली. अमेरिकेतल्या त्याच यादवी युद्धाने इकडे कापसाचे भाव भडकले, शेअरचा बाजार तापला, आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्यात ती बँक १८६८ साली बुडाली आणि त्याच वर्षी त्याच नावाने नवी उभी राहिली. १९२१ मध्ये ती इम्पीरियल बँकेत गेली आणि १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. जुन्या चेकवर यांपैकी कुठलं नाव आहे, त्यावरून आपल्याकडेही काळ कळतो.

त्या काळच्या चेकवर बाईची सही फार क्वचित. १८७४ साली एक कायदा झाला, की लग्न झालेल्या बाईची कमाई ही तिचीच. पण त्याच कायद्यात लिहिलं होतं, की हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन बायकांना तो लागू नाही. म्हणजे या देशातल्या बहुतेक बायका त्याच्या बाहेर. हिंदू बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची, हे स्पष्ट लिहिलं गेलं ते १९५६ च्या वारसा कायद्यात.

पण बाईची खूण त्याआधी कागदावर नव्हतीच असं नाही. आपल्या जुन्या कागदांत लिहिता न येणाऱ्यांच्या निशाण्या असत. शेतकऱ्याची निशाणी नांगर. आणि बाईची निशाणी बांगडी. नावापुढे एक गोल काढायचा. लिहिणारा दुसराच कुणी, त्याचं नाव ‘दस्तुर’ म्हणून खाली. गोल मात्र बाईचा. एखाद्या पिवळ्या पडलेल्या खरेदीखतावर असा गोल दिसला, तर ती शाई सांडलेली नाही. ती कुणा बाईची सही आहे.

मग अंगठा आला. त्याची सुरुवातही आपल्याच देशातली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने रस्त्याचं सामान पुरवणाऱ्या राज्यधर कोनाई या माणसाकडून करारावर पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये त्याने हुगळीला पेन्शन घेणाऱ्यांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, म्हणजे मेलेल्याच्या नावावर दुसऱ्या कुणी पैसे उचलू नयेत. दोन माणसांचा अंगठा सारखा नसतो, हे त्यातून पक्कं होत गेलं. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, ते आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तिथेही बोटांचे ठसेच घेतले. म्हणून अंगठा लावणारीला कुणी कमी लेखू नये. ठसा ही ओळखीची पक्की खूण आहे. अडचण असते ती दुसरीच. अंगठा कशावर लावला, हे वाचता येत नाही.

ही अडचण आपल्या बायांनी कशी सोडवली, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. १९७४ साली अहमदाबादला इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेतल्या चार हजार कष्टकरी बायांनी दहा-दहा रुपयांचे शेअर घेऊन स्वतःची बँक काढायचं ठरवलं. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांची शंका, की सहीसुद्धा न करता येणाऱ्या बाया बँक कशी चालवतील? पंधरा प्रवर्तक बायांनी रात्रभर बसून आपापलं नाव लिहायचा सराव केला आणि सकाळी कागदांवर सह्या केल्या. आपल्या साताऱ्यातल्या म्हसवडची गोष्टही तशीच. माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज परत आला, कारण अर्ज करणाऱ्या बायांचे अंगठे होते. बाया अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेच्या साहेबांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, की कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तोंडी सांगतो. १९९७ साली ती बँक सुरू झाली.

आणि १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकेला जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून गावोगावच्या गटांचं खातं गटाच्या नावाने निघू लागलं. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, यांपैकी दोघींच्या सह्यांशिवाय पैसा हलत नाही. चेकच्या पाठीवरचं नाव पुढच्या बाजूला आलं. त्यामागे एवढ्या बायांची एवढी वर्षं गेली आहेत.

म्हणून दोन-तीन कामं सांगते.

पहिलं, कोऱ्या चेकवर सही करून कुणाच्याही हाती देऊ नका. ना कर्ज मिळवून देणाऱ्याच्या, ना घरातल्या माणसाच्या, ना ‘बँकेत जायला वेळ नाही, करून ठेव’ म्हणणाऱ्या मैत्रिणीच्या. सही तुमची असेल, तर तो चेक देण्यापोटीच दिला असं कोर्ट आधी धरून चालतं. तसं नव्हतं हे तुम्हाला दाखवावं लागतं. आकडा आधी, अक्षरी रक्कम आधी, नाव आधी. सही शेवटी. अक्षरी रक्कम आणि आकडा यांत फरक पडला, तर कायद्याने अक्षरी रक्कम खरी मानतात. म्हणून ती लिहायला शिकाच.

दुसरं, घरातली ट्रंक, फडताळ, देव्हाऱ्यामागची पेटी एकदा बघा. आपल्याकडे वटलेले चेक बँकेतच राहतात, पण चेकबुकाच्या स्थळप्रती, जुनी पासबुकं, सोसायटीच्या पावत्या, खरेदीखतं घरी सापडतात. त्यांना चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये कायमचं बंद करू नका, टाचणी काढून टाका. कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पण चालू खात्याचा चेक असेल तर त्याचा फोटो कुणाला पाठवू नका. आणि नाव वाचून घरातल्या जाणत्या बाईला विचारा, की ही कोण? बाकीचा माग गावातच लागतो. तलाठ्याकडचे जुने फेरफार, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद. आणि कुणाचे पूर्वज नाशिक-त्र्यंबकला जाऊन आले असतील, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या.

तिसरं काम गटाचं. आपल्या ठरावाच्या वह्या आणि हिशेबाची रजिस्टरं भरली, की रद्दीत जातात. ती जाऊ देऊ नका. पहिली वही तर मुळीच नाही. तिच्या पहिल्या पानावर कुणाचा अंगठा आहे, कुणाची वाकडीतिकडी पहिली सही आहे. प्रत्येकीच्या सहीसमोर तिचं पूर्ण नाव लिहा. तिचं, तिच्या आईचं, माहेरच्या गावाचं. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं. पण त्याआधी जन्मलेल्या आपल्या सगळ्यांच्या आयांची नावं लिहून ठेवायचं काम आपल्यालाच करावं लागेल.

पुढच्या बैठकीला वही उघडाल, तेव्हा हे एवढं करा. एकेक नाव मोठ्याने वाचा, आणि जिच्या नावासमोरची जागा अजून रिकामी आहे, तिला तिच्या आईचं नाव विचारून ते लिहून घ्या.